हक्क आणि हट्ट

स्पेनच्या पूर्व किनाऱ्यावर, बार्सेलोना आणि वालेन्सिया या दोन मोठ्या शहरांच्या दरम्यान पेनिस्कोला नावाचे एक लहानसे गाव आहे. भूमध्य समुद्रात एक खडक शिरलेला असून वाळूच्या चिंचोळ्या पट्टीने तो जमिनीशी जोडलेला आहे. खडकाच्या अंगाखांद्यावर पांढऱ्या भिंतींची घरे आणि माथ्यावर, समुद्रापासून ६४ मीटर उंचीवर, एक किल्ला. एका सहाध्यायी धर्मगुरूंच्या आग्रहावरून गेल्या वर्षी आम्ही त्या परिसरात आठ दिवस राहिलो आणि दोन-तीन किल्ले पायांखाली घातले. प्रवासवर्णन लिहिण्याचा आमचा मानस नाही. मात्र त्या भिंतींनी आमच्यासमोर एक प्रश्न उभा केला, आणि तो आमच्याबरोबर घरी आला. आपली बाजू न्यायाची आहे अशी पक्की खात्री असताना माणसाने कोठवर अडून राहावे? ठामपणा हा सद्गुण खराच. पण कोणत्या क्षणी तो हट्ट होतो?

पेनिस्कोलाचा किल्ला टेम्पलर या धर्मयोद्ध्यांच्या संघाने १२९४ ते १३०७ या काळात जुन्या अरबी गढीच्या जागी बांधला. पवित्र भूमीच्या यात्रेकरूंचे रक्षण करण्यासाठी हा संघ जन्माला आला होता. किल्ल्यात नक्षीकाम जवळजवळ नाही. जाड भिंती, अर्धवर्तुळाकार छताची दालने, साधे चॅपल. बांधकाम संपले त्याच १३०७ साली फ्रान्सच्या राजाने टेम्पलरांची धरपकड केली आणि वर्ष सरण्यापूर्वी ती लाट आरागोनच्या राज्यातील या किल्ल्यापर्यंतही येऊन पोहोचली. १३१२ मध्ये पोपमहोदय पाचवे क्लेमेंट यांनी संघ विसर्जित केला. त्याच वर्षी तारागोना येथील धर्मपरिषदेने आरागोनचे टेम्पलर निर्दोष असल्याचे जाहीर केले. परंतु परत जाण्यासाठी संघच उरला नव्हता. पुढे पोर्तुगालमध्ये त्यांची मालमत्ता 'ख्रिस्त संघा'कडे गेली. त्या संघाचा क्रूस शिडांवर मिरवीत जी गलबते निघाली तीच आमच्या वसईच्या किनाऱ्याला लागली. वसईच्या पडक्या तटांच्या सावलीत वाढलेल्या आम्हांला पेनिस्कोलाच्या दगडांत काहीतरी ओळखीचे वाटले ते यामुळेच असेल.

तथापि त्या गावातील लोक टेम्पलरांविषयी फारसे बोलत नाहीत. ते बोलतात ते 'पापा लूना' यांच्याविषयी.

वाचकांना थोडी पार्श्वभूमी सांगणे आवश्यक आहे. १३७८ मध्ये पोप अकरावे ग्रेगरी रोममध्ये वारले. कार्डिनलांनी सहाव्या अर्बनची निवड केली आणि काही महिन्यांतच, ती निवड जमावाच्या दहशतीखाली झाली असे म्हणून, दुसरा पोप निवडला. एक रोममध्ये, दुसरा फ्रान्समधील आव्हिन्यों येथे. देश विभागले गेले, मठ विभागले गेले. संतसुद्धा विभागले गेले: सिएनाची संत कॅथरीन रोमच्या बाजूची, तर महान प्रवचनकार संत व्हिन्सेंट फेरर आव्हिन्योंच्या बाजूचे. आरागोनचे पेद्रो दे लूना हे कायद्याचे गाढे पंडित १३९४ मध्ये आव्हिन्यों येथे 'तेरावे बेनेडिक्ट' म्हणून निवडले गेले. निवडीपूर्वी सर्व कार्डिनलांनी शपथ घेतली होती: ऐक्यासाठी गरज पडली आणि बहुसंख्य कार्डिनलांना तसे वाटले, तर निवडून आलेला पद सोडील. पेद्रो दे लूना यांनीही ती घेतली होती.

त्यांनी पद सोडले नाही. फ्रान्सने १३९८ मध्ये पाठिंबा काढला, त्यांच्या प्रासादाला वेढा पडला. १४०३ मध्ये ते वेषांतर करून निसटले. १४०९ मध्ये पिसाच्या परिषदेने दोन्ही पोपांना दूर करून तिसरा निवडला; दोघेही हटले नाहीत, आणि ख्रिस्तसभेला एकाच वेळी तीन पोप झाले. १४११ मध्ये पेद्रो दे लूना पेनिस्कोलाच्या खडकावर येऊन राहिले.

हा मनुष्य लबाड होता असे समजून त्याला निकालात काढणे सोपे आहे. तसे करता येत नाही, आणि तेथेच प्रश्नाचे खरे मूळ आहे. त्यांची राहणी साधी होती, ग्रंथांवर त्यांचे प्रेम होते. स्कॉटलंडमधील सेंट अँड्रयूज विद्यापीठाला मान्यता देणारे फर्मान १४१३ मध्ये याच खडकावरून निघाले. व्हिन्सेंट फेररसारखा संत त्यांचा पापनिवेदन ऐकणारा गुरू होता. दुसऱ्या बाजूला, तोर्तोसा येथे ज्यू पंडितांना त्यांनीच वादासाठी बोलावले आणि त्यानंतर ज्यूंवर कठोर निर्बंध लादले, हेही विसरून चालणार नाही.

१४१४ मध्ये कॉन्स्टन्सची परिषद भरली. रोमचे पोप बारावे ग्रेगरी यांनी १४१५ मध्ये आपणहून राजीनामा दिला. पिसाच्या परंपरेतील पोपला परिषदेने दूर केले. उरले बेनेडिक्ट. सम्राट सिगिस्मुंड त्यांना भेटायला पेर्पिन्यों येथे आला, बोलणी फिसकटली. त्यांचा युक्तिवाद असा होता: फूट पडण्यापूर्वी नेमलेल्या कार्डिनलांपैकी आता एकटा मीच हयात आहे, म्हणून माझेच कार्डिनलपद निःसंशय वैध आहे, म्हणून नवा पोप निवडण्याचा हक्क फक्त मला आहे. सेमिनरीत आम्ही थोडा तर्क आणि थोडा चर्चचा कायदा शिकलो. या युक्तिवादात सहजासहजी फट सापडत नाही. आणि तरीही तो ऐकताना अंगावर काटा येतो, कारण त्यात मेंढरांचा उल्लेख कोठेही नाही.

६ जानेवारी १४१६ रोजी, तीन राजांच्या सणाच्या दिवशी, व्हिन्सेंट फेरर यांनी पेर्पिन्यों येथे आरागोनचा पाठिंबा काढून घेतल्याचे जाहीरपत्र स्वतः वाचले. ज्या मित्राची बाजू आयुष्यभर घेतली, त्याच्याविरुद्ध. १४१७ मध्ये परिषदेने बेनेडिक्टना पदच्युत केले आणि पोप पाचवे मार्टिन निवडले गेले. परिषदेचे दूत खडकावर आले तेव्हा, खरी ख्रिस्तसभा येथेच आहे, हीच नोहाची नौका आहे, अशा अर्थाचे उत्तर त्यांना मिळाले. १४२३ मध्ये, नव्वदी उलटल्यावर, पेद्रो दे लूना यांचा शेवट झाला असे मानतात. आपले मत न सोडणाऱ्या माणसाबद्दल स्पॅनिश भाषेत आजही म्हणतात, तो आपल्या 'तेरा'वर अडून बसला आहे. लोक त्या म्हणीचा संबंध याच तेराव्या बेनेडिक्टशी लावतात.

संत थॉमस अक्वायनस यांनी चिकाटी या सद्गुणाचे दोन शत्रू सांगितले आहेत. एक लेचेपेचेपणा, जो धरायचे ते सोडतो. दुसरा हट्ट, जो सोडायचे ते धरून ठेवतो. हट्टाच्या मुळाशी, ते म्हणतात, बहुधा पोकळ मोठेपणा असतो. हे आम्ही तरुणपणी परीक्षेसाठी पाठ केले होते. पेनिस्कोलाच्या तटावर उभे असताना ते आठवले, आणि त्याबरोबर एक चेहराही आठवला.

पूर्वीच्या एका धर्मग्रामात एक वृद्ध गायनमास्तर होते. तीस वर्षे त्यांनी कॉयर सांभाळला होता. एका शुभशुक्रवारी ठरलेले गीत बाजूला ठेवून त्यांनी आपल्या आवडीचे जुने लॅटिन गीत म्हटले. नियम मोडला होता. आम्ही त्यांना सर्वांसमोर बोललो आणि कॉयरमधून दूर केले. त्यानंतर मास्तर मिस्साला येत, शेवटच्या बाकावर बसत आणि निघून जात. काही महिन्यांनी त्यांच्या पत्नी आमच्याकडे आल्या. म्हणाल्या, ''फादर, एकदा घरी या. ते काही बोलणार नाहीत, पण तुम्ही आलात तर उठून खुर्ची देतील.'' आम्ही म्हणालो, ''बाय, मास्तरांना आधी येऊ द्या.'' आमची बाजू नियमाची होती. जुलैच्या पावसात मास्तर गेले. अंत्यविधीचा मिस्सा आम्हीच केला. कॉयरने पेटीशिवाय गीते म्हटली, कारण त्या पेटीवर बसण्याचे धाडस त्या दिवशी कोणाला झाले नाही.

पापा लूना यांना नावे ठेवण्याचा अधिकार आम्हांला उरत नाही, तो यामुळे.

पण मग प्रत्येकाने प्रत्येक ठिकाणी माघार घ्यावी काय? याचे उत्तर आम्हांला दुसऱ्या किल्ल्याने दिले. पेनिस्कोलाच्या दक्षिणेस, इर्ता डोंगरात, चिवेर्तचा ओसाड किल्ला आहे. हाही मूळचा अरबांचा. त्याच्या एका भिंतीवर अरबी अक्षरे अजून दिसतात. १२३४ मध्ये तो टेम्पलरांच्या हाती आला तेव्हा त्यांनी तेथील मुसलमान रहिवाशांना लेखी करार करून दिला: तुमची घरे तुमची, तुमचा धर्म, तुमची मशीद, तुमचा कायदा तुमच्याकडे राहील. पुढे सोळाव्या शतकात वालेन्सियाच्या मुसलमानांना बळाने बाप्तिस्मा देण्यात आला, आणि १६०९ मध्ये त्यांच्या वंशजांना, ते ख्रिस्ती म्हणून नोंदलेले असतानाही, जहाजांत बसवून देशाबाहेर घालवले. चिवेर्त ओस पडले. आज तेथे कोसळलेल्या घरांत झुडपे वाढली आहेत.

येथे कोणीतरी अडून बसायला हवे होते! दुर्बळाला दिलेला शब्द ही आपल्या मालकीची वस्तू नसते. ती सोडून देण्याचा अधिकार आपल्याला नसतो. इंग्लंडच्या संत थॉमस मोर यांनी १५३२ मध्ये राजाचे सर्वोच्च मंत्रिपद सहज सोडले, १५३५ मध्ये प्राणही दिला. विवेकबुद्धीची साक्ष मात्र सोडली नाही. स्वतःचे होते ते सारे त्यांनी देऊन टाकले आणि परमेश्वराचे होते तेवढेच धरून ठेवले. पेनिस्कोलाच्या वृद्धाने याच्या उलट केले. पद त्याला मेंढरांसाठी मिळाले होते. मेंढरे विखुरली तरी त्याने पद धरून ठेवले.

शलमोन राजापुढे दोन स्त्रिया एका बाळासाठी भांडत आल्या, ती कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. खरी आई कोणती हे राजाला कशावरून कळले? तिने हक्क सोडला त्यावरून. हक्क तिचाच होता. पण बाळाचे दोन तुकडे होणार म्हटल्यावर तिला हक्कापेक्षा बाळ मोठे वाटले. कॉन्स्टन्सच्या वेळी ख्रिस्तसभेचे तीन तुकडे झालेच होते. बारावे ग्रेगरी आईप्रमाणे वागले. आज पोपांच्या यादीत त्यांचे नाव आहे. पेद्रो दे लूना यांचे नाही. 'तेरावे बेनेडिक्ट' हे नाव तीनशे वर्षांनी, १७२४ मध्ये, रोमच्या दुसऱ्या एका पोपमहोदयांनी घेतले. ज्या आकड्यावर त्या वृद्धाने आयुष्य ओवाळून टाकले, तो आकडासुद्धा त्याचा राहिला नाही. आणि ग्रेगरींनंतर स्वतःहून पद सोडणारे पहिले पोपमहोदय २०१३ मध्ये झाले, त्यांचे नाव होते सोळावे बेनेडिक्ट.

शेवटच्या दिवशी आम्ही किनाऱ्यापासून आत असलेल्या सांत मातेउ या गावी गेलो. पेद्रो दे लूना यांच्या मागे राहिलेल्या मोजक्या कार्डिनलांनी पेनिस्कोलाच्या खडकावर आणखी एकाला पोप निवडले होते. सहा वर्षांनी, १४२९ मध्ये, त्यांनी पदत्याग केला आणि याच गावी पाचव्या मार्टिनना मान्यता दिली. राजकारणाचा रेटा त्यामागे होताच. तरीही खडक उतरून खाली यावे लागलेच, आणि ते आले. त्यांना कोणी तुरुंगात टाकले नाही. मायोर्का बेटाचे बिशप म्हणून त्यांनी पुढील आयुष्य घालवले. खाली उतरण्याची वाट आरंभापासून मोकळीच होती.

आपल्या धर्मग्रामांत किल्ले नाहीत, पण खडक पुष्कळ आहेत. बांधावरून न बोलणारे भाऊ आहेत, लग्नातल्या एका शब्दावरून तुटलेली घरे आहेत, आणि आमच्यासारखे धर्मगुरूही आहेत. त्यांतील पुष्कळांची बाजू न्यायाची असेल. एवढेच विचारून पाहावे: हे मी कोणासाठी धरून बसलो आहे?

परत आल्यावर, सर्व मृतांच्या स्मरणदिनी, आम्ही मास्तरांच्या कबरीवर गेलो. त्यांच्या पत्नी तेथे मेणबत्त्या लावीत होत्या. त्यांनी आमच्याकडे पाहिले, थोड्या बाजूला सरकल्या आणि आम्हांला उभे राहायला जागा करून दिली.