हसरत आणि इबरत

पडक्या किल्ल्याचे चित्र पाहताना आपण किल्ला पाहतो की स्वतःला? जॉन कॉन्स्टेबल या इंग्रज चित्रकाराचे (आडनाव हवालदाराचे, पण माणूस निव्वळ रंगांचा) 'हॅडली कॅसल' हे १८२९ सालचे चित्र समोर ठेवले की हा प्रश्न टाळता येत नाही. थेम्स नदी समुद्राला मिळते तिथली टेकडी, तेराव्या शतकातल्या किल्ल्याचे भग्न बुरूज, वादळी रात्र सरल्यानंतरचे आभाळ. खाली एका कोपऱ्यात मेंढपाळ आणि त्याचा कुत्रा. कॉन्स्टेबल तिथे १८१४ साली गेला होता आणि एक छोटेसे पेन्सिलीचे रेखाटन करून परतला होता. पुढे नोव्हेंबर १८२८ मध्ये त्याची पत्नी मारिया क्षयाने गेली, सात लेकरे मागे राहिली. तेव्हा कुठे त्या जुन्या रेखाटनातून हे भलेमोठे चित्र उभे राहिले. त्यातला बुरूज वरपासून चिरलेला आहे. ती चीर निव्वळ दगडाची मानायला मन तयार होत नाही.

आपल्याकडे याला हसरत म्हणतात. एका माणसाची हसरत त्याची स्वतःची असते, तिच्याशी कुणी वाद घालू नये. पण एकट्याने घरातले दुःख पडक्या भिंतीवर टाकणे वेगळे आणि अख्ख्या समाजाने आपला गेलेला मोठेपणा तिच्यावर लादणे वेगळे.

आम्ही खारदांड्याच्या किनाऱ्यावर बसून असे काही बोलू लागलो की गाडी हटकून जंजिऱ्यावर येते. दांडा-राजपुरीचा तो जंजिरा आणि हा आमचा दांडा, नाते काय ते नावापुरते. तरी 'आपला किल्ला कुणाला घेता आला नाही' हे वाक्य कुणीतरी म्हणतेच. खोटे नाही ते. शिवाजी महाराजांना तो घेता आला नाही, १६८२ च्या वेढ्यात संभाजी महाराजांनाही नाही. सिद्दींचे संस्थान १९४८ पर्यंत टिकले.

पण 'आपला' म्हणजे नेमका कुणाचा? १६७९ मध्ये खांदेरीच्या पाण्यात इंग्रजांशी आणि सिद्दीशी झुंजणारा मराठी आरमाराचा दौलतखान मुसलमानच होता. १६८९ मध्ये सिद्दी याकूत खान मुंबई बेटावर उतरला, इंग्रजांना त्याने किल्ल्यात कोंडले आणि पुढच्या वर्षी जाताना माझगावचा किल्ला पेटवून दिला. त्या वर्षभरात बेटावरच्या गरिबाच्या झोपडीत शिरणाऱ्या शिपायाने धर्म विचारला असेल, असे आम्हांला वाटत नाही.

आपल्या धर्मानेही पडक्या वस्त्यांकडे बघायला सांगितले आहे. जमिनीवर फिरा, आधीच्या लोकांचे काय झाले ते पाहा. पण ते इबरतीसाठी, मिशीला पीळ देण्यासाठी नव्हे. इबरतीच्या नजरेने जंजिरा पाहिला तर तटाआधी माणसे दिसू लागतात. आफ्रिकेतून आणलेले हबशी, त्यांतले कित्येक गुलाम म्हणून विकले गेलेले. त्यांच्यातून आरमाराचे सरदार निघाले, राज्यकर्ते निघाले. न पडलेल्या बुरुजापेक्षा ही गोष्ट आम्हांला कितीतरी मोठी वाटते. नेमकी तीच सांगताना आपली जीभ अडखळते. जंजिऱ्याचा फोटो मोठ्या फख्राने भिंतीवर लावणाऱ्या घरांतही सोयरिकीच्या बोलण्यात मुलीचा रंग निघाला की 'हबशी' हा शब्द कसा उच्चारला जातो, ते आपण सगळ्यांनी ऐकले आहे.