बिनकामाचे चाक

आमच्या चिरंजीवांनी परवा एक टेबल-दिवा आणला. त्याला पितळी नळ्या, वाफेचा दाब दाखवणारी तबकडी आणि सहा दातेरी चाके.

"हे चाक काय फिरवतं रे?"

"काही नाही बाबा, नुसतं चिकटवलंय. स्टीमपंक!"

हा शब्द के. डब्ल्यू. जेटर या अमेरिकन कादंबरीकाराने १९८७ साली एका मासिकाला लिहिलेल्या पत्रात, अर्धा थट्टेने काढला. व्हिक्टोरिया राणीच्या काळी वाफेच्या जोरावर जे भविष्य घडायचे राहून गेले, ते आता पितळेत घडवायचे, असा हा प्रकार. पॅरिसात तर आर ए मेतिए या मेट्रो स्टेशनातले काही फलाट १९९४ साली तांब्याच्या पत्र्याने मढवून पाणबुडीसारखे केले. छताला भली थोरली चाके. तीही कशाला फिरतात!

मला राग आला. न फिरणारे चाक लावणे म्हणजे खोटे बोलणेच की! ते बॅबेजसाहेबांचे गणकयंत्र बघा. आराखडे १८४७ ते १८४९ मधले; साहेबांच्या हयातीत काही ते उभे राहिले नाही. लंडनच्या विज्ञान संग्रहालयाने १९९१ साली त्याचा आकडेमोडीचा भाग बनवला. सुमारे ४,००० सुटे भाग, आणि बेरीज बिनचूक! शिवाय एखादे चाक जागचे हलले, तर चुकीचे उत्तर देण्याऐवजी यंत्र अडकून बसावे, अशी साहेबांनी तजवीजच केलेली. या स्वभावाचा आमच्या बँकेत मी एकच हेडकॅशियर पाहिला. त्याची बदली झाली.

"हा दिवा खोटारडा आहे," मी जाहीर केले.

सौ. मेथी निवडत होती. "निदान लागतो तरी. आणि तुमचं ते 'सर्व्हर डाऊन' हो?"

मीच तिला हसत हसत सांगितले होते. एक निवृत्त मास्तर पासबुक भरायला आले, आणि नेमका माझा चहा आला. "सर्व्हर डाऊन आहे, उद्या या." सर्व्हर ठणठणीत होता. मास्तरांनी काँप्युटरकडे पाहिले. दांडा फिरवायचे जुने यंत्र असते, तर त्यांनी स्वतःच फिरवून पाहिले असते. या बंद डब्यात बघणार काय? उलट म्हणाले, "त्यालाही विश्रांती हवीच हो," आणि दोन बस बदलून घरी गेले.

चिरंजीव म्हणतात, "बाबा, दिवा ऑफिसात न्या, काउंटरवर शोभेल."

मास्तर दर महिन्याच्या पाच तारखेला येतात. दिवा अजून घरीच आहे.