जोडीतली चांगली स्टिक

रॅमचा किट घेतला की एका डब्यात दोन स्टिक येतात. समजा १६ जीबीच्या दोन, डीडीआर४, डब्यावर वेग ३६००. काही महिन्यांनी मशीन अडकायला लागतं, मेमटेस्ट लावली की एररच्या लाल ओळी. एकेक स्टिक तपासली तर एक नापास, दुसरी पास. कंपनी मात्र म्हणते, दोन्ही पाठवा.

लग्नांचे व्हिडिओ एडिट करणारा माझा एक मित्र यावर भडकला होता. ऐन सीझनमध्ये चांगली स्टिकही का द्यायची? दुकानदाराने तोडगा काढला: चांगली ठेवून घे, तिच्या जागी त्याच मॉडेलची एखादी मेलेली देतो, कोण बघतंय! मित्राने मला विचारलं, यात नुकसान नक्की कुणाचं?

'मॅच्ड' म्हणजे जुळ्या बहिणी नव्हेत. त्या दोघी एकत्र, त्या वेगाला तपासल्या, एवढाच त्याचा अर्थ. म्हणजे आपण दोन वस्तूंसोबत त्यांच्या नात्याबद्दलचं एक विधानही विकत घेतो. एक गेली की उरलेली चांगलीच असते, पण जुळलेली कुणाशी? म्हणून दोन्ही परत मागणं मला पटतं. मात्र मग कंपनीनेही एकत्र तपासलेली जोडीच द्यावी, गोदामातल्या दोन सुट्या स्टिक नव्हे.

याहून अवघड प्रकार म्हणजे दोन्ही स्टिक एकेकट्या पास होतात आणि एकत्र लावल्या की एरर देतात. वेग थोडा उतरवला की पुन्हा सगळं सुरळीत. आता सदोष कोण? टाळी एका हाताने वाजत नाही, हे आपण माणसांना फार पटकन ऐकवतो (बहुतेकदा ज्याला लागलंय त्यालाच). इथे तर तिसराही हात असू शकतो: मदरबोर्डचा स्लॉट, नाहीतर प्रोसेसरमधला मेमरी कंट्रोलर. त्यामुळे कुणालाही नापास करण्याआधी स्लॉट बदलून बघावा.

मित्राच्या प्रश्नाकडे येतो. कंपनीचं नुकसान किरकोळ, हे मान्य. पण 'या दोघी एकाच डब्यातून आल्या' हे वाक्य कंपनीने खरं बोलावं म्हणून आपण डब्याचे जास्त पैसे मोजले, आणि परत करताना तेच वाक्य आपण खोटं बोलणार. शिवाय मी त्याला एवढंच विचारलं, की ती मेलेली स्टिक दुकानदाराकडे कुणाच्या डब्यातून आली?

त्याने दोन्ही पाठवल्या. सध्या ८ जीबीची उसनी स्टिक लावून, प्रीव्ह्यू अर्ध्या रिझोल्यूशनवर ठेवून एका हळदीचं एडिटिंग चाललंय.