इंजिनाचा क्रमांक

ठाकूरद्वारच्या एका गल्लीत ताडपत्रीखाली वर्षानुवर्षे उभी असलेली वडिलांची मॉरिस ऑक्सफर्ड एका गृहस्थांनी दुरुस्तीस काढली. मूळ इंजिन निकामी झाले होते. पण याच गाडीच्या आराखड्यावर हिंदुस्थान मोटर्सने ॲम्बॅसडर काढली आणि १९५९ पासून तिच्यातही तेच बी-सिरीजचे १४८९ सीसी इंजिन आले. तसे एक जुने इंजिन मिळाले व सहज बसले. क्रमांक तेवढा निराळा, तोही रिव्हेटने ठोकलेल्या पट्टीवर. मिस्त्री म्हणाला, "काका, जुनीच पट्टी यावर ठोकतो. आरसी बुकाशी जुळेल. कुणाला कळणार?"

मूळ स्वरूप राखलेल्या, पन्नास वर्षांवरील गाड्यांना २०२१ च्या नियमांनी 'व्हिंटेज' नोंदणीचा मान दिला. तेव्हा मोह मोठाच. यात नुकसान कोणाचे? उद्याच्या ग्राहकाचे, हे सोपे उत्तर. परंतु गाडी कधी विकलीच नाही तर? तरीही क्रमांक ही वस्तूची साक्ष असते. झिजणे आणि सांधले जाणे हा वस्तूंचा, तसाच माणसांचाही धर्म आहे; त्यात असत्य नाही. असत्य आहे ते सांधा लपविण्यात.

काकांनी जुनी पट्टी डबीत जपून ठेवली आणि इंजिनबदलाच्या नोंदीसाठी अर्ज लिहावयास घेतला.