कालच्या पुढे एक पाऊल



आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे लहानपणी चालत-धावत शाळा गाठायचा. पुढे सैन्यात गेला. अडथळ्यांची लांब शर्यत धावू लागला. कमरेइतके अडथळे, काहींच्या पलीकडे पाणी. पाय भिजतात, तरी धावायचंच. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने रौप्यपदक जिंकलं. त्याआधी कितीतरी वेळा त्याने स्वतःचाच राष्ट्रीय विक्रम मोडला होता.

यश म्हणजे कालच्या पुढे एक पाऊल.

शेजारच्या मुलाचे गुण, भावकीतला बंगला, यांनी आपलं यश मोजू नये. आपलं माप आपला कालचा दिवस. काल अर्धवट राहिलेलं काम आज पुरं करावं. काल दुखावलेल्या माणसाशी आज गोड बोलावं.

मंडळी, आज कालच्या पुढे एक पाऊल नक्की टाका.