बरं झालं, हे कोणी म्हणायचं?

गुडघ्याचं सांधारोपण झालं. एक्स-रेमध्ये सांधा नीट बसलेला दिसतो, जखम भरली आहे, जंतुसंसर्ग नाही. डॉक्टरांच्या लेखी शस्त्रक्रिया यशस्वी. पेशंट बाई म्हणतात, 'जिना उतरताना अजून भीती वाटते.' दोघांचंही खरं आहे, असं म्हणून मोकळं होता येतं. पण निकालाच्या रकान्यात उत्तर एकच लिहायचं असेल, तर ते लिहिण्याचा अधिकार कुणाचा?

इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेनं, एनएचएसनं, २००९पासून हा प्रश्न पेशंटलाच विचारायला सुरुवात केली. गुडघा बदलण्याआधी आणि नंतर 'ऑक्सफर्ड नी स्कोअर' नावाची प्रश्नावली भरून घेतात. १२ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ४ गुण, एकूण ४८. रात्री दुखतं का, जिना उतरता येतो का, एकट्यानं बाजारहाट जमते का, असे साधे प्रश्न.

मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो. त्यामुळे अनुभवाचा असा आकडा झाला की मला बरं वाटतं, आणि लगेच शंकाही येते: प्रश्न कुणी निवडले? या बारांत गुडघे टेकून पुन्हा उठता येतं का, हे विचारलं आहे. मांडी घालून बसणं नाही, उकिडवं बसणं नाही. आपल्याकडे पंगत, पूजा, भारतीय पद्धतीचा संडास यांवर ज्यांचा दिवस चालतो, त्यांचं जे गेलं ते या ४८ गुणांत कुठेच वजा होत नाही. भाषांतर कितीही चोख केलं, तरी न विचारलेला प्रश्न त्यात उगवत नाही.

दुसरी अडचण याहून खोल आहे. अमर्त्य सेन यांनी २००२ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मधल्या एका लेखात दाखवलं, की आयुर्मान सर्वाधिक असलेल्या केरळातले लोक आजारपणाच्या तक्रारी जास्त सांगतात, आणि आयुर्मान कमी असलेल्या बिहारातले कमी. शिक्षण आणि दवाखाना हाताशी असला की आजार हा आजार म्हणून ओळखू येतो. नसला, तर 'वय झालं आता, चालायचंच' असं म्हणून माणूस दुखणं अंगवळणी पाडून घेतो. नुसत्या सांगण्यावर विसंबलो, तर जिथे दवाखाना सर्वांत जास्त हवा, तिथेच त्याची गरज सर्वांत कमी दिसेल.

मग पेशंटचं म्हणणं बाजूला ठेवायचं का? दुखतं म्हणणाऱ्याला दुखतंच, हे सेनही मान्य करतात. मला वाटतं, 'मला दुखतंय' आणि 'माझं ठीक चाललंय' ही दोन विधानं एकाच तराजूत घालू नयेत. पहिल्याला साक्षीचा मान द्यावा; 'कुरकुरीची सवयच आहे' म्हणून ते उडवून लावायचा हक्क कुणालाच नाही. दुसरं ऐकल्यावर मात्र थांबू नये, आणखी एक प्रश्न विचारावा. तक्रारीवर विश्वास आणि समाधानाची चौकशी, असा हा जाणूनबुजून केलेला पक्षपात आहे. नाहीतर ज्यानं कमी मागायला शिकून घेतलं, त्याला आपण कमीच देत राहू.

आणि विश्वास ठेवायचा म्हणजे काहीतरी करायचं. आमच्या धंद्यात लॉग वेगळा, अलर्ट वेगळा. लॉग साठतो, अलर्ट कुणाला तरी झोपेतून उठवतो. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत शरीरभर पसरलेल्या कॅन्सरचे ७६६ पेशंट होते. त्यांतले काही आपला त्रास नियमितपणे संगणकावर नोंदवत, आणि तो वाढला की नर्सला सूचना जाई. या गटाचा जगण्याचा मध्यक काळ ३१.२ महिने होता. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांचा २६. नवं औषध दिलं नव्हतं. त्रास नोंदवला जात होता आणि त्या नोंदीच्या पलीकडे एक नर्स होती.

म्हणून फॉर्म छापण्याआधी रुग्णालयानं एवढं ठरवावं: 'असह्य' या चौकटीत खूण झाली, तर त्या दिवशी फोन कोण करणार? त्या माणसाचं नाव ठरलेलं नसेल, तर पेशंटला विचारूच नये.