गाऱ्हाणे आणि वशिला

भुकेल्याला अन्न द्यावे, आजाऱ्याची विचारपूस करावी, विधवेच्या दारी जाऊन यावे, ही दयेची कृत्ये आपल्या घराघरांतून लहानपणापासून शिकविली जातात. त्यांविषयी कोणाचे दुमत नाही. परंतु सामाजिक संस्थांतील कार्यकर्त्यांना आणि धर्मग्रामांतील स्वयंसेवकांना आता आणखी एक गोष्ट शिकविली जाते. आमदार-खासदारांना कसे भेटावे, निवेदन कसे लिहावे, विधिमंडळात प्रश्न कसा उपस्थित करवून घ्यावा, हे ते शिक्षण होय. पुण्यातील 'नॅशनल सेंटर फॉर ॲडव्होकसी स्टडीज' ह्या संस्थेने १९९०च्या दशकात अशा प्रशिक्षणाची वाट पाडली. आपल्यांपैकीही कित्येकजण अशा शिबिरांना जाऊन आले आहेत आणि त्यांच्यामागे एक कुजबूज चालते : "सेवा करणाऱ्याने मंत्रालयाच्या पायऱ्या कशाला झिजवाव्यात? आज निवेदन, उद्या वशिला आणि परवा पक्षाचा झेंडा!" हा आक्षेप घेणारे बहुधा वयाने ज्येष्ठ आणि श्रद्धेने दृढ असतात. म्हणून तो हसण्यावारी न नेता नीट पारखून पाहावा, असे आम्हांला वाटते.

प्रथम सेवेची मर्यादा लक्षात घेऊ. संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० साली सुरू झाली. तिचे अर्ज भरून देणे हे आपल्या स्वयंसेवकांच्या नित्याच्या कामांपैकी एक. ह्या योजनेसाठी कुटुंबाची वार्षिक उत्पन्नमर्यादा अनेक वर्षे २१,००० रुपये राहिली, म्हणजे महिन्याला १,७५० रुपये. ज्या घरात महिन्याकाठी दोन हजार रुपये येतात, त्या घरातील विधवा ह्या हिशेबाने निराधार ठरत नाही. अर्ज लिहून देणारा स्वयंसेवक कितीही मायाळू असला तरी तो आकडा त्याला खोडता येत नाही. तो फार तर स्वतःच्या खिशातून चार पैसे देईल, आणि पुढच्या महिन्यात ती बाई पुन्हा दाराशी उभी राहील. २०२३ साली ह्याच योजनेचे मासिक अनुदान एक हजारावरून दीड हजार रुपये झाले. ती वाढ शासनाच्या निर्णयाने झाली. कोणा एकाच्या दातृत्वाने ती होऊ शकली नसती. जी उणीव नियमात आहे ती नियमातच भरून काढावी लागते. मग ज्याला ती उणीव रोज डोळ्यांनी दिसते, त्याने नियम करणाऱ्याकडे जाऊन ती सांगू नये, हे सेवेचे कोणते तत्त्व?

पवित्र शास्त्राकडे वळलो तर आरंभीच्या ख्रिस्तसभेतच हा प्रसंग आढळतो. प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात ग्रीक भाषिक विधवांना रोजच्या वाटपात डावलले जाते आणि कुरकुर सुरू होते. प्रेषितांनी त्या विधवांना थोडे अधिक धान्य देऊन गप्प केले नाही. त्यांनी वाटपाची व्यवस्थाच बदलली आणि त्यासाठी सात जण निवडून दिले. त्या सातांचीही नावे ग्रीक आहेत, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. ज्यांचे गाऱ्हाणे होते त्यांच्याच माणसांच्या हाती कारभार सोपविला गेला, असे त्यावरून म्हणता येते. पुढे संत पौलाने फिलिप्पै येथे तुरुंगातून गुपचूप निघून जाण्यास नकार दिला, अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन आपणांस बाहेर न्यावे असा आग्रह धरला आणि शेवटी कैसराकडे दाद मागितली. नागरिक म्हणून आपला हक्क वापरताना आपली श्रद्धा कमी होते असे त्याला वाटले नाही. अन्यायी न्यायाधीशाच्या दारी पुन्हा पुन्हा जाणारी विधवा तर प्रभूने स्वतःच आपल्यापुढे उभी केली आहे.

आपल्या राज्यघटनेनेही हे दार उघडे ठेवले आहे. तिच्या ३५०व्या अनुच्छेदानुसार कोणाही व्यक्तीला आपल्या गाऱ्हाण्याच्या निवारणासाठी संघराज्याच्या वा राज्याच्या अधिकाऱ्याकडे, तेथे वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत निवेदन देता येते. म्हणजे मराठीत लिहिलेले गाऱ्हाणे हा मेहेरबानीचा विषय नाही, तो हक्क आहे.

तरीही ज्येष्ठांची भीती अनाठायी आहे असे आम्ही म्हणणार नाही. गाऱ्हाणे आणि वशिला एकाच जिन्याने वर चढतात आणि एकाच दाराशी उभे राहतात. म्हणून त्यांतील भेद ओळखता आला पाहिजे. गाऱ्हाणे चारचौघांत सांगता येते, तर वशिला कानात सांगावा लागतो. गाऱ्हाणे मान्य झाले तर त्या स्थितीतील सर्वांचे भले होते, वशिला लागला तर एकाचेच काम होते आणि रांगेतील दुसरा मागे ढकलला जातो. गाऱ्हाणे ज्याचे दुखते त्याला स्वतःच्या तोंडाने सांगता येते, वशिल्याला मात्र मध्यस्थ लागतो आणि मध्यस्थाची किंमत कोणीतरी मोजतच असतो. आपल्या मुलाला महाविद्यालयात प्रवेश मिळावा म्हणून आमदारांची चिठ्ठी आणणारा गृहस्थ जेव्हा निवेदन घेऊन जाणाऱ्या कार्यकर्त्याला राजकारणी म्हणतो, तेव्हा खरे राजकारण कोणी केले, हे त्याने आपल्या विवेकाला विचारावे.

तेव्हा प्रशिक्षणात काय शिकवावे? विद्या तर शिकवावीच. महाराष्ट्राच्या विधानसभेत २८८ सदस्य आहेत आणि विधान परिषदेत ७८. तारांकित प्रश्नाला सभागृहात तोंडी उत्तर मिळते, अतारांकिताला लेखी. तातडीच्या सार्वजनिक प्रश्नासाठी लक्षवेधी सूचना असते. मंत्र्यांनी सभागृहात दिलेली आश्वासने पुरी झाली की नाही, हे पाहण्यासाठी आश्वासन समिती आहे, आणि लोकांच्या अर्जांसाठी विनंती अर्ज समिती आहे. हे ज्याला ठाऊक नाही तो आमदारांच्या घरी जाऊन "साहेब, काहीतरी करा" एवढेच म्हणू शकतो, आणि "काहीतरी करा" ह्या मागणीला "बघू" हेच उत्तर मिळते. ज्याला ठाऊक आहे तो नेमका प्रश्न लिहून नेतो, आणि नेमक्या प्रश्नाला उत्तर चुकविणे कठीण जाते.

परंतु विद्येपेक्षा शिस्त महत्त्वाची आहे. पहिली शिस्त सत्याची. पाड्यावर सदतीस कुटुंबांना पाणी मिळत नसेल तर निवेदनात सदतीसच लिहावीत, शंभर लिहू नयेत. हेतू चांगला आहे म्हणून आकडा फुगविणे हे आठव्या आज्ञेचे उल्लंघनच होय, शिवाय एकदा ते उघडकीस आले की खऱ्या सदतिसांवरही कोणी विश्वास ठेवीत नाही. दुसरी शिस्त निःस्पृहतेची. "आमच्या धर्मग्रामात इतकी मते आहेत" असे सूचित करताच गाऱ्हाण्याचा सौदा होतो. मते ही कोणा फादरांची वा अध्यक्षांची ठेव नाहीत, ती प्रत्येकाच्या विवेकाची आहेत. तिसरी शिस्त समदृष्टीची : जे निवेदन सत्ताधाऱ्याला द्यायचे तेच विरोधकालाही द्यावे, शब्द न बदलता.

आणि चौथी शिस्त सर्वांत अवघड. आपण कोणासाठी बोलतो? येथे आपल्याच समाजाच्या इतिहासातील दोन गोष्टी समोरासमोर ठेवून पाहाव्यात. १८६९च्या घटस्फोट कायद्यानुसार ख्रिस्ती पतीला पत्नीचा व्यभिचार सिद्ध करणे पुरेसे होते, परंतु पत्नीला पतीच्या व्यभिचाराबरोबर क्रूरता वा परित्याग असे आणखी कारण सिद्ध करावे लागे. ख्रिस्ती महिला, वकील आणि विविध चर्चसंस्था यांनी वर्षानुवर्षे दिल्लीच्या दारी हे गाऱ्हाणे नेले. केरळ उच्च न्यायालयाने १९९५ मध्ये आणि मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ मध्ये हा भेद अमान्य केला, आणि अखेर २००१ साली संसदेने कायदा दुरुस्त केला. ख्रिस्तसभा विवाहाचे बंधन अतूट मानते, त्यात तिळमात्र बदल झालेला नाही. तरीही देशाच्या कायद्याने स्त्रीला पुरुषाहून हलक्या तराजूत तोलू नये, असे म्हणण्यात श्रद्धेला कोणताही बाध येत नाही.

दुसरी गोष्ट केरळातील. त्रावणकोरच्या १९१६च्या कायद्यानुसार मृत्युपत्र न करता वारलेल्या ख्रिस्ती पित्याच्या मालमत्तेत मुलीला मुलाच्या वाट्याचा चौथा हिस्सा किंवा पाच हजार रुपये, यांतील जे कमी असेल ते मिळे. मेरी रॉय यांच्या याचिकेवर १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने मुलींना समान वाटा दिला. त्यानंतर ह्या निकालाची धार बोथट करणारा कायदा व्हावा अशी खटपट झाली, आणि तिच्यात चर्चमधील काही वजनदार मंडळीही होती. तो कायदा झाला नाही. दोन्ही ठिकाणी ख्रिस्ती माणसेच होती, लोकप्रतिनिधींची दारेही तीच, आणि कौशल्यही सारखेच. एका ठिकाणी ते दुर्बलाच्या बाजूने वापरले गेले, दुसऱ्या ठिकाणी दुर्बलाविरुद्ध. म्हणून केवळ कौशल्य शिकविणारे शिबिर अपुरे आहे. सुरी धार लावून हाती देण्यापूर्वी ती कशासाठी, हे सांगावे लागते.

येथे धर्मगुरूंच्या मर्यादेचाही उल्लेख केला पाहिजे. १९८३च्या धर्मविधिसंहितेनुसार (नियम २८५ व २८७) धर्मगुरूंना राज्यसत्तेचा वापर करावा लागेल अशी पदे स्वीकारता येत नाहीत, आणि राजकीय पक्षांत सक्रिय भागही सर्वसाधारणपणे घेता येत नाही. परमगुरू सोळावे बेनेडिक्ट यांनी २००५च्या आपल्या पहिल्या विश्वपत्रात स्पष्ट केले की, ख्रिस्तसभेने राज्याची जागा घेऊ नये, परंतु न्यायाच्या झगड्यात बाजूला उभेही राहू नये. दिवंगत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसईच्या चळवळीत पाणी आणि जमीन यांसाठी आवाज उठविला तो कोणत्याही पक्षाचा झेंडा न घेता, हे वाचकांना ठाऊकच आहे. कायदा घडविण्याच्या कामी प्रापंचिकांचा अधिकार पहिला आहे, धर्मगुरूने त्यांचा विवेक घडवावा.

संस्थाचालकांची भीती निराळी असते : परदेशी देणगी घेणाऱ्या संस्थेने असे काम केले तर तिच्यावर राजकीय असल्याचा शिक्का बसेल काय? सावधगिरी योग्यच आहे. कायदा वाचून, सल्ला घेऊन पाऊल टाकावे. मात्र २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की, सक्रिय राजकारणाशी वा पक्षीय राजकारणाशी संबंध नसताना लोकांच्या प्रश्नांसाठी सनदशीर मार्गाने आवाज उठविणाऱ्या संस्थेला केवळ तेवढ्यावरून राजकीय ठरविता येत नाही. भीती हे सावधगिरीचे कारण असावे, मौनाचे निमित्त असू नये.

शेवटचा प्रश्न तडजोडीचा. दहा मागितले आणि चार मिळाले, तर घ्यावेत काय? संत परमगुरू दुसरे जॉन पॉल यांनी १९९५च्या 'जीवनाचे शुभवर्तमान' ह्या विश्वपत्रात एक मार्ग दाखविला आहे : वाईट कायदा पूर्णपणे रद्द करणे शक्य नसेल, तर आपला मूळ विरोध उघड ठेवून त्याची हानी कमी करणाऱ्या प्रस्तावास लोकप्रतिनिधी पाठिंबा देऊ शकतो. हेच आपल्या कार्यकर्त्यालाही लागू पडते. चार घ्यावेत, परंतु उरलेले सहा मिळाले असे म्हणू नये. आणि कोणाला मागे टाकून ते चार मिळत असतील तर मात्र घेऊ नयेत. अनुदानाच्या रकमेत तडजोड होऊ शकते, माणसाच्या प्रतिष्ठेत नाही.

ह्या शिक्षणाची कसोटी आमच्या मते साधी आहे. प्रशिक्षित कार्यकर्ता आमदारांपुढे किती सफाईने बोलला, हे पाहू नये. त्याने सोबत नेलेली विधवा तेथे बोलली काय, हे पाहावे. आरंभी ती पदर सावरीत त्याच्यामागे उभी राहील. पुढच्या खेपेस शेजारी बसेल. आणि ज्या दिवशी ती आपल्यासारख्या आणखी चौघींना घेऊन, त्याला न विचारता, आपले गाऱ्हाणे आपल्या भाषेत मांडून येईल, त्या दिवशी त्याने ईश्वराचे आभार मानावेत आणि दुसऱ्या पाड्याकडे वळावे.